भावानं भरलेला बार

"आजी, रिकामी आहे ना?" ठासणीची बंदूक उलटसुलट करत ठाण्यातल्या हवालदारानं विचारलं.

"असेल की," सुभद्रा गावडे म्हणाल्या. पणजोबांची ती बंदूक चालवणारं आता घरात कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्या ती जमा करायला चंदगडला आल्या होत्या. तरी जुन्या सवयीनं त्यांनी घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी नाही हे पाहिलं आणि लोखंडी गज नळीत सोडला. रिकाम्या नळीत तो तळाला ठणकन वाजतो. आज तो चार बोटं वरच, आवाज न करता थांबला.

हवालदार मागे सरकला. सुभद्राबाई बाकावर टेकल्या.

"माझ्या भावानं भरलीय," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं झाली. भातात रानडुकरं शिरली होती. बार न काढताच तापानं फणफणत घरी आला, तो पुन्हा उठला नाही. नंतर हिला कुणी हात लावला नाही."

लहानपणी तो दारू ओतायचा, त्या छरे सोडायच्या, वर चिंधीचा बोळा, आणि गजानं ठासताना दोघांचे हात एकावर एक असायचे.

नळीत पाणी ओतून दारू भिजवली, मग त्यांनी गजाला आकडा लावला आणि हलकेच फिरवला. आधी निळ्या चौकटीची चिंधी आली, भावाच्या सदऱ्याची. मग छरे, मग काळा चिखल.

"पंचनाम्यात काय लिहू?" हवालदारानं विचारलं.

"छरे लिही, दारू लिही," चिंधी पिळत त्या म्हणाल्या. "ही मी घरी नेते."