माळ्यावरची कॅसेट

संग्रहालयातून आलेय म्हणणाऱ्या बाईंनी पर्समधून पांढरे हातमोजे काढले आणि टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातल्या मेकॅनिकची खात्री पटली, की ही संग्रहालयातली नव्हेच. संग्रहालयवाले जुनी नाणी मागतात, तलवारी मागतात. व्हिडिओ गेमच्या कॅसेटी मागत येतात ते एकतर पोलीस, नाहीतर कंपनीचे वकील.

“आम्ही एक जुना गेम शोधतोय, त्याची कॅसेट तुमच्याकडे आहे असं कळलं,” बाई म्हणाल्या. “तो काढणारी कंपनी बुडाली तेव्हा सगळ्या मूळ प्रती भंगारात गेल्या. तीन वर्षं शोधतेय.”

“नकली कॅसेटींचा धंदा आपण कधी केला नाही.”

नकलीबद्दल बाईंनी चकार शब्द काढला नव्हता.

“अहो, माळ्यावरच्या खोक्यात आहे ना ती!” आतून बायको ओरडली.

खोकं उतरवावंच लागलं. मेकॅनिकने सवयीने कॅसेटमध्ये फुंकर मारली, बाईंनी तोंड कसनुसं केलं, आणि टीव्हीवर गेम उमटला. वर गेमचं नाव. खाली ‘निर्माता’ आणि त्यापुढे मेकॅनिकचं स्वतःचं नाव, आडनावासकट. तिशीत असताना, ही नकली प्रत बनवताना त्याने खऱ्या निर्मात्याचं नाव काढून तिथे आपलं घातलं होतं. गल्लीत काय वट होती त्या वर्षी!

बाई पडद्याजवळ वाकल्या. मग दुकानाच्या पाटीवरच्या त्याच नावाकडे पाहिलं. वहीत काहीतरी लिहिलं.

“ते नाव चुकून पडलंय,” मेकॅनिक घाईघाईने म्हणाला. “पुसून देतो. दहा मिनिटांचं काम.”

“छे, छे! हात लावायचा नाही. मिळाली तशीच जपायची, हा आमचा नियम. आता जगात हीच एक उरलीय.”

मेकॅनिकने हळूच विचारलं, “आणि… ज्यांनी हा गेम बनवला, ते?”

“आहेत की. शहात्तर वर्षांचे. कंपनी बुडाल्यापासून स्वतःचा गेम त्यांनी पाहिलेला नाही. आमच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मुद्दाम येतायत.” बाईंनी कॅसेट मऊ कापडात गुंडाळली, तान्ह्या बाळासारखी. “पहिल्या रांगेत बसतील. तुमची खुर्ची त्यांच्या शेजारीच ठेवते.”

बाई गेल्या तशी बायको बाहेर आली. “पहिली रांग! ऐकलंत? निळा शर्ट इस्त्रीला टाकते.”

मेकॅनिक रिकाम्या खोक्यात बघत होता.

“पोलीसच परवडले असते,” तो म्हणाला.