लोरेदानाचा नवस

"नवरा कुठाय?" फादर एवारिस्तोंनी विचारलं.

"आणला नाही," लोरेदाना म्हणाली.

आमच्या ओर्विएतो गावात पाऊल टाकल्यापासून हा प्रश्न तिच्या मागे लागला होता. हॉटेलात खोली दोघांच्या नावाने घेतलेली, उशीवर नवदांपत्यासाठी साखरबदामांची पुरचुंडी ठेवलेली, आणि आली ही एकटीच, हातात रंगांची पेटी घेऊन. मालकीणबाईंनी मागून कुणी येतंय का म्हणून जिन्यात मान लांब करून पाहिलं. खानावळीत वाढप्याने मयताला आल्यासारखा चेहरा करून समोरची रिकामी ताटली उचलायला घेतली. "राहू दे, मी दोघांचं जेवते," ती म्हणाली, आणि खरंच जेवली. कबुतराचा रस्सा, पांढरी वाइन, शेवटी पावाने ताटली पुसून लख्ख. आमच्या गावात बाई एकटी जेवताना दिसली की घास लोकांच्या घशात अडकतो. तिच्या नाही अडकला.

दिवसभर ती चित्रं काढत भटकायची. कॅथेड्रलसमोरच्या बाकावरचे म्हातारे तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलायचे.

"कुणाची सून म्हणायची ही?"

"कुणाची का असेना, सासू सुटली!"

"आजोबा, हसू नका," ती मान वर न करता म्हणाली. "नाक काढतेय तुमचं. आधीच कागद पुरत नाहीये."

पण ती गावात आली होती ती म्हाताऱ्यांची नाकं काढायला नव्हे. कड्याच्या टोकाला मारियामातेचं एक लहानसं चर्च आहे. त्याची डावी भिंत खालपासून वरपर्यंत नवसाच्या चित्रांनी भरलेली आहे. ज्याला माउलीने वाचवलं, त्याने आपल्यावरचं संकट घडलं तसं लाकडी फळीवर रंगवायचं, वर कोपऱ्यात ढगात माउली काढायची आणि फळी इथे आणून द्यायची. शिडीवरून कोसळणारा गवंडी आहे, उधळलेल्या बैलांखालचा शेतकरी आहे, विहिरीत पडलेली पोर आहे. लोरेदानाही नवस बोलली होती. फळी त्या भिंतीवर लागल्याशिवाय ती गाव सोडणार नव्हती.

आता तीच फळी फादर उजेडात धरून पाहत होते. चर्चचा गाभारा, मेणबत्त्या, वेदीपुढे पाद्री, पांढऱ्या झग्यातली वधू, केसांना भरपूर तेल चोपडलेला वर, मागे पाहुण्यांच्या रांगा. सगळ्यांची तोंडं उघडी. वर ढगात माउली.

"हात सुरेख आहे तुझा. मेणबत्त्या तर फुंकाव्याशा वाटतात," फादर म्हणाले. "पण पोरी, भिंत चुकलीस. लग्न जमल्याचा नवस बायका मेणबत्ती लावून फेडतात. ही भिंत मरता मरता वाचलेल्यांची."

"म्हणूनच इथे आणलंय."

"मग काय, नवरा आजारी होता?"

"ठणठणीत आहे. तिकडे आमच्या तेर्नी गावात आपल्या फर्निचरच्या दुकानात बसलाय. आईच्या हातचं खातोय."

फादरना वाटलं, आता उलगडलं सगळं. लग्नानंतरचा पहिलाच प्रवास, पहिलंच भांडण. "रुसवेफुगवे व्हायचेच," ते म्हणाले. "घरी जा. हे दिवाणखान्यात लाव, नातवंडं बघतील." त्यांनी फळी पुढे केली.

लोरेदानाने हात पाठीमागे बांधले.

"मी नेणार नाही, फादर. कुलूप लावायचं तर लावा, मी आत बसते."

फादरनी सुस्कारा सोडला, चष्मा पुन्हा नाकावर चढवला. "बरं, ही मंडळी गातायत तरी कोणतं गाणं?"

"गात नाहीयेत. ओरडतायत."

"का?"

"वधूने आत्ताच उत्तर दिलंय म्हणून."

"काय उत्तर?"

"नाही."

फादर मटकन बाकावर बसले. त्या काळी आमच्याकडे एकदा हो म्हटलं की सुटका मसणातच.

"आदल्या दिवशी मी त्याच्या घरी गेले," लोरेदाना म्हणाली. "मला चित्रांसाठी देणार होता त्या खोलीत त्याच्या आईचा पलंग मांडलेला. माझे रंग तळघरात, उंदरांच्या शेजारी. म्हणाला, आता घर मिळतंय, छंद कशाला? मला पळून जायचं होतं. सगळे म्हणाले, आता उशीर झाला. वेदीपुढे तुमच्यासारख्याच एका फादरनी विचारलं, स्वीकार आहे का? आणि माझा आवाजच फुटेना. मी माउलीला म्हटलं, एक शब्द दे, फक्त एक. तिने दिला." तिची मान ताठ होती. "आईला घेरी आली. वडील अजून बोलत नाहीत. खोली ठरलेली होती, ती मी का सोडू?"

"हे लावलं तर गावात बोंब होईल, पोरी."

"माझ्या गावात झाली. मेले नाही मी."

फादर वधूच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिले. "आयुष्यभर हा प्रश्न विचारतोय मी," ते हळूच म्हणाले. "उत्तरासाठी कधी थांबलो म्हणून नाही." मग उठले, आतून हातोडी आणि खिळा घेऊन आले, आणि भिंतीपुढे डोकं खाजवत उभे राहिले.

"पण लावू कुठे? वर पडलेले, मध्ये भाजलेले, इकडे आजारी, खाली बुडता बुडता वाचलेले. लग्नाची रांगच नाही आमच्याकडे!"

"बुडता बुडता वाचलेल्यांत लावा," लोरेदाना म्हणाली.