प्रेसमधला झेंडू

"ते फूल डोळ्यांसमोर आणा, आणि माझ्या बोटांच्या मागे या," अल्पनाताई म्हणाल्या.

त्यांची दोन बोटं डावीकडून उजवीकडे गेली, परत डावीकडे आली. डोकं न हलवता भगवंत नुसते डोळे फिरवत होता. पहिल्या दिवशी ताईंनी बोटं कशी फिरवणार ते दाखवलं, तेव्हा त्याला हसू आलं होतं. "ताई, नजर उतरवताय तर मीठ-मोहऱ्या कुठे आहेत?" असं त्यानं विचारलंही होतं. अल्पनाताई मानसोपचार करायच्या. त्यांनी घाई केली नाही. काही आठवडे त्याला फक्त श्वास सावरायला शिकवलं, असह्य झालं की हात वर करून थांबवायला शिकवलं. देवास शहरातल्या या खोलीत त्याला बायकोनं, सुभद्रानं, ढकलून आणलं होतं. पत्ता तिला कुणी दिला, ते मात्र ती सांगत नव्हती.

आज फूल आलं. काही वर्षांपूर्वी दसऱ्याला कारखान्यात मशिनींची पूजा झालेली. दुसऱ्या दिवशी पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा पहिला ठोका रिवाजाप्रमाणे सगळ्यात जुन्या माणसाचा, म्हणजे भगवंतचा. त्यानं नारळ फोडला, हात जोडले, डोळे मिटले आणि पेडलवर पाय दिला. हारातलं एक झेंडूचं फूल प्रेसच्या जबड्यात पडलं होतं. पूजेचं फूल चिरडू नये म्हणून शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मित्रानं, तरुणनं, हात घातला होता. भगवंतनं डोळे उघडले तेव्हा तरुणचा उजवा पंजा गेला होता.

तेव्हापासून झेंडू दिसला की भगवंतचे हातपाय गार पडत, कानात तो ठोका वाजे. लग्नाच्या मांडवातून तो जेवण सोडून पळून आला होता. दसऱ्याला हाटपिपल्याला मेहुण्याकडे जायचा आणि आतल्या खोलीत दार लावून बसायचा. तरुण त्याचा लहानपणापासूनचा मित्र, दोन गल्ल्या सोडून राहणारा. पण दवाखान्यानंतर भगवंतनं त्याला तोंड दाखवलं नव्हतं. एकदा त्याच्या दारात उभं राहता यावं, एवढंच त्याला हवं होतं.

बोटं फिरत राहिली. थांबली. "काय आलं?"

"पेडल. माझा पाय."

"बरं. तिथूनच पुढे."

पुन्हा बोटं. भगवंत घामानं भिजला, मग ढसाढसा रडला. ताईंनी त्याला थांबायचं का विचारलं. त्यानं मान हलवली, चालू दे. आणि मग काहीतरी झालं. प्रेस तीच, फूल तेच, पण सगळं दूर सरकत गेलं, रस्त्यापलीकडच्या दुकानात काही चाललेलं दिसावं तसं. ठोका कानातून उतरला. मी डोळे मिटले होते ते देवासाठी, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं. झालेलं काही पुसलं गेलं नव्हतं. फक्त ते आता झालेलं होतं, होत नव्हतं. दोन बोटांनी एवढं व्हावं! भगवंत आपल्याच तळहातांकडे बघत राहिला.

आणखी काही बैठका झाल्या आणि दसरा आला. भगवंतनं बाजारातून स्वतः झेंडू आणला, स्वतः तोरण ओवलं. सुभद्रा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. संध्याकाळी आपट्याची पानं खिशात घालून तो तरुणच्या दारात गेला. तिथेही झेंडूचं तोरण होतं. तो त्याखाली उभा राहिला. काही झालं नाही.

तरुणनं दार उघडलं आणि डावा हात पुढे केला. सोनं डाव्या हातात देऊ नये म्हणतात. भगवंतनं ते दिलं आणि तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

"भिया, यायला उशीर झाला," तो म्हणाला. "एक ताई आहेत. तुला खोटं वाटेल, त्या नुसती बोटं..."

तरुण हसला. हात सोडवून घेतला आणि दोन बोटं भगवंतच्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे नेली. अगदी तश्शीच.

भगवंतनं ती बोटं धरली. "तू... तूपण? तुला काय दिसायचं, प्रेस?"

"नाही यार. हात गेला तो कळलाच नाही त्या वक्ताला. मला तुझं तोंड दिसायचं, डोळे उघडलेस तेव्हाचं. रोज रात्री, भिया. ताईंकडे गेलो, ते गेलं. मग वहिनींना पत्ता देऊन आलो. म्हटलं, मला नुसतं दिसायचं तर ही हालत, ज्याचं ते तोंड आहे त्याचं काय होत असेल!"