दुभाषीबाईंची चूक

"आम्ही त्या सूतगिरणीवर बॉम्ब टाकलाच नाही," ती म्हणाली आणि पाण्याचा घोट घेतला.

वाक्य तिचं नव्हतं. टेबलापलीकडच्या शिष्टमंडळाच्या प्रमुखाचं होतं. ती आपल्या बाजूची दुभाषी. पलीकडचा जे बोलेल ते आपल्या भाषेत सांगायचं, आणि तेही 'ते म्हणतात' वगैरे भानगड न करता, थेट तोच बोलतोय असं. धंद्याचा पहिला नियम. त्यामुळे 'माझा देश', 'माझं सरकार', 'माझे वैमानिक' म्हणजे सगळं त्याचं. गेले चौदा महिने ती आठवड्यातून तीन दिवस शत्रू होऊन बसत होती आणि पगार मात्र आपल्या सरकारकडून घेत होती.

युद्धात गिरणीवर बॉम्ब पडला तेव्हा पाळीवरचे एकसष्ट कामगार गेले. पैसे द्यायला पलीकडचे तयार होते, पण मदत म्हणून. भरपाई म्हटलं की चूक कबूल केल्यासारखं होतं, आणि आपल्या मंत्रालयाला नेमकी तीच कबुली हवी होती. रकमेची घासाघीस कधीच संपली होती. घोडं अडलं होतं एका वाक्यावर.

मृतांच्या यादीतलं अडतिसावं नाव तिच्या थोरल्या बहिणीचं होतं. सासरचं आडनाव असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तिनेही तोंड उघडलं नाही. मृतांच्या नात्यातलं कुणी टेबलाशी बसलं तर सगळी बोलणी रद्द, असं दोन्ही सरकारांनी लिहून दिलेलं होतं. शहाण्या बाईने हे काम घेतलंच नसतं. पण आई रोज संध्याकाळी विचारायची, "बोलले का गं ते?" ते बोलतील तेव्हा आपण तिथे असायचं, एवढाच तिचा हट्ट होता.

त्या दुपारी पलीकडच्या प्रमुखाने समोरचा कागद पालथा घातला. चष्मा काढून ठेवला. चौदा महिन्यांत कागदाबाहेर तो एक अक्षर बोलला नव्हता. आता तो चार-पाच वाक्यं बोलला, अडखळत. मग सगळे तिच्याकडे पाहू लागले.

शब्द तयार होते. बॉम्ब आम्हीच टाकला. मी माफी मागतो. पण जीभ उचलेना. त्यांचं खोटं तिने इतके दिवस बिनबोभाट आपलं म्हणून सांगितलं होतं. ही माफी तिला मागायची नव्हती. तिला ती हवी होती.

"ते म्हणतात," ती म्हणाली, "बॉम्ब त्यांनीच टाकला. ते माफी मागतात."

आपल्या बाजूचे इतके हरखले की कुणाला काही खटकलं नाही. पलीकडच्या दुभाष्याचं पेन मात्र थांबलं. टक्कल पडलेला, नीटनेटका माणूस. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग समोरच्या मृतांच्या यादीकडे. हरकत म्हणून त्याने नुसता हात वर केला असता तरी बोलण्यांबरोबर ती माफीही रद्द झाली असती.

त्याने हात वर केला नाही.

बैठक संपल्यावर नेहमीप्रमाणे दोघे इतिवृत्त तपासायला बसले. टाइप करणाऱ्या बाईंनी तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं. त्याने 'ते म्हणतात' खोडलं. वर बारीक अक्षरात लिहिलं, 'बॉम्ब आम्हीच टाकला. मी माफी मागतो.' सही करून कागद तिच्याकडे सरकवला.

"टाइप करताना चूक झाली असेल," तो तिच्या भाषेत म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "कोण होतं?"

तिने सही केली. पेनाला टोपण लावलं.

"माझी थोरली बहीण," ती म्हणाली.