पहारेकरी

"शरीराचे पहारेकरीच घरच्यांना चोर समजून झोडपतात, म्हणून तुमचे सांधे सुजतात," डॉक्टर म्हणाले. "गोळ्यांनी त्यांना पेंग आणू. मात्र ताप आला तर लगेच कळवा."

साखर कारखान्याच्या गेटवर तीस वर्षं काढलेले अप्पा उसळले. "ड्यूटीवर झोप? असल्या दोघांना मी घरी बसवलंय!"

"अप्पा, गोळ्या घ्या, चौकशी नंतर लावा," लेक कुंदा हसली.

महिनाभरात सूज उतरली. मग ताप आला. उभ्या नोकरीत आजारपणाची रजा न टाकलेल्या अप्पांनी तो लपवला. पेंगलेले पहारेकरी उठेनात. तिसऱ्या दिवशी अप्पा गेले.

पाहुणे परतल्यावर कुंदाने दाराची कडी लावली, ओढूनही पाहिली. मग फोटोकडे वळून म्हणाली, "अप्पा, तुम्ही घरात होतात तोवर कडीकडे मी कधी पाहिलंसुद्धा नाही."