बोटाला वेखंड

सासूबाईंनी सहाणेवर वेखंड उगाळलं आणि बोटाच्या टोकावर घेतलं. निमिष दीड वर्षाचा झाला, तरी अजून एक शब्द बोलला नव्हता.

"जिभेला लावलं की बोलेल गं. याचा बापही असाच मुका होता. आता गप्प बसतो का?"

मला हसू आलं नाही. शेजारची, याच्याहून लहान मुलगी "आई" म्हणायला लागली होती आणि मी दिवसभर याच्या ओठांकडे बघत बसायचे.

"आई, आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं," मी स्वतःचीच समजूत घातली, "माणसाची भाषा आधी हातवाऱ्यांतून सुरू झाली असावी. माकडं खाऊ मागायला हात पुढे करतात. पण नुसतं 'हे बघ' म्हणून दाखवणं माणसालाच सुचलं."

"मग बोटाला लावू वेखंड?"

तेवढ्यात निमिषनं माझा कुर्ता खेचला. उंबऱ्यापाशी मुंग्या एक चुरमुरा ओढत होत्या. त्यानं बोट दाखवलं. मी चुरमुरा उचलून द्यायला वाकले, तर त्यानं माझा हात बाजूला सारला. पुन्हा बोट दाखवलं आणि वळून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी बघतेय ना, एवढंच त्याला हवं होतं.

मी फरशीवर बसले. "बघितल्या रे राजा. मुंग्या."

तो खुदकन हसला आणि आजीकडे वळला. सासूबाई गुडघ्यावर हात टेकत खाली बसल्या. वेखंड लावायचं राहूनच गेलं होतं. तेच बोट पुढे करून त्या हळूच म्हणाल्या, "आणि ती बघ, एक मागे राहिली."