हरळीचा बांध

बांधात फावडं शिरेना, तेव्हा भिवाने ते भावावर उगारलं.

पहिला वार खांद्यावर बसला. परशुराम चिखलात गुडघ्यांवर आला, त्याच्याखाली भाताची रोपं आडवी झाली.

"दादूस, हरली उपटून बग," तो धापा टाकत म्हणाला. "मी बांद सारला असता, त ती हलकीच मुठीत आली असती."

"बगायचं काय त्यात? आवडानं मोजलंय. रोज मोजलंय. माजी चार पावलं गिळलीस तू."

"वयनीनं?" परशुरामाने मान वळवून जांभळाकडे पाहिलं.

त्या वळलेल्या डोक्यावरच दुसरा वार पडला, कानाच्या जरा वर. फणस फुटावा तसा आवाज झाला.

जांभळाखाली आवडाबाई उभी होती. फांदीला बांधलेल्या झोळीत तिची तान्ही शेवंती निजली होती. झोळीची दोरी आवडाबाईच्या हातातच राहिली.

बांध सासऱ्यांनी घातलेला. बेचाळीस सालात काळुरामबाबांनी दोन्ही लेकांना जमीन वाटून दिली, तेव्हाचा. हरळीच्या काड्यांचे बोटबोटभर तुकडे केले, चिखलात नि शेणात कालवले आणि घर सारवावं तसा सगळा बांध लिंपून काढला. आवडाबाई तेव्हा नवी नवरी. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तिने त्यावर पाणी शिंपडलं. त्यानंतर कुणी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. पाहावंही लागलं नाही. हरळी ना खत मागत, ना निंदणी. शेळ्यांनी चरली, बैलांनी तुडवली, वैशाखात जळून काळी पडली, तरी मृगात पुन्हा हिरवीगार. "बांद ही धरून ठेवंल," म्हातारा म्हणायचा, "तुमी दोगं जीभ धरून ठेवा."

दोन पोरं हाताला न लागता गेली, तेव्हा गेल्या वर्षी आवडाबाईने व्रत धरलं. पाच श्रावण पाळायचं. रोज पहाटे अंघोळ करून, कुणाशी न बोलता, जांभळापासून मेरेमेरेने, शेताच्या कडेकडेने, बांधापर्यंत जायचं. पावलागणिक गणपतीचं नाव घ्यायचं आणि हरळीच्या एकवीस दूर्वा खुडून आणायच्या. नाव घेता घेता पावलं आपोआप मोजली जात. गेल्या श्रावणात ती बावन्न भरत. यंदा अठ्ठेचाळीसच भरली. तिने दुसऱ्या दिवशी मोजली, तिसऱ्या दिवशी मोजली. अठ्ठेचाळीसच. आठ दिवस तिने ते पोटात ठेवलं. काल भाकरी वाढताना तोंडातून निसटलं.

दुसरी कुणी बोलली असती तर भिवा आधी दोरी घेऊन मोजायला गेला असता. पण व्रताच्या बाईच्या तोंडून खोटं निघत नाही, एवढं तो मानत होता. तो अर्ध्या भाकरीवरून उठला. सकाळी फावडं घेऊनच बाहेर पडला.

आता ते फावडं तिसऱ्यांदा वर गेलं होतं.

आवडाबाईने दोरी सोडली आणि ती धावत सुटली. ओठांवर तेच नाव, मनात तीच मोजणी. तेहतीस म्हणता म्हणता ती बांधावर पोचली आणि फावड्याच्या दांड्याला लोंबकळली. भिवाने कोपर मागे हाणलं. ते तिच्या तोंडावर बसलं. ओठ फुटला, दात हलला, ती बांधावर आदळली. पण वार चुकला. फावडं परशुरामाच्या डोक्याशेजारी चिखलात रुतलं.

परशुराम खाचरात पालथा पडला होता. तोंडाखालच्या पाण्यात बुडबुडे येत होते. तिने त्याला उताणा केला, डोकं मांडीवर घेतलं. कानावरची चामडी लोंबत होती. तिचं लुगडं बघता बघता भिजलं. रक्त थांबवायला हरळी, हे तिकडच्या पोरासोरांनाही ठाऊक. तिने बाजूची मूठभर धरली आणि ओढली.

ती येईना.

तिने दोन्ही हातांनी धरली, टाच रोवली, अंगातला सगळा जोर लावला. पाती तळहात कापून तुटून आली. मुळं जागची हलली नाहीत. अख्खा बांध खालून तिला ओढून धरत होता.

आली तेवढी पाती तिने तोंडात घातली. श्रावणात देवाला वाहिल्याशिवाय तिच्या तोंडात काही जात नसे. आज तिने देवाच्या दूर्वाच स्वतःच्या रक्तात चावल्या आणि तो हिरवा-लाल चोथा दिराच्या जखमेत दाबून धरला.

परशुरामाचे डोळे अर्धे उघडले. "वयनी," तो पुटपुटला, "तुमी कशाला सांगितलंव?"

"चोराचं रगत कशाला थांबवतीस?" भिवाने फावडं चिखलातून उपसलं. "हो बाजूला."

ती हलली नाही. ती आल्या वाटेकडे पाहत होती. जांभळापासून बांधापर्यंत मेरेच्या ओल्या मातीत तिची पावलं उमटली होती. खोल, लांब लांब पडलेली. तेहतीस. पलीकडे झोळीत शेवंती जागी होऊन रडत होती.

"मोजलं त्यात खोट नाय," आवडाबाई म्हणाली. चोथ्यावरचा हात तिने आणखी दाबला. "पन गेल्या श्रावनात शेवंती पोटात होती माज्या. आठवा म्हयना."